नुकतेच खेळलेले गेम: विकी आधी उघडायची की हरून झाल्यावर?

रातवेडा (धागाकर्ता)
'हा गेम घेऊ का' असे धागे इथे पोत्याने आहेत, हा त्यात धरू नका. अलीकडे खेळलेल्यांतले तीन गेम समोर ठेवतो: बलाट्रो (पोकरच्या पत्त्यांचा), एल्डन रिंग आणि हॉलो नाइट: सिल्कसाँग (दोन्ही मारामारीचे). तिघांच्याही पोटात आकडेमोड चालू असते आणि ती उमगली की तोच गेम निम्म्याने सोपा होतो. पण उमगू द्यायची रीत तिघांची निराळी.

बलाट्रोचा हिशोब पाटीवर लिहिलेला. समजा बदामाचा फ्लश लावला, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे: एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी. फ्लशचे मुळातले ३५ चिप्स, पत्त्यांचे ११+१०+९+७+४ म्हणजे ४१. झाले ७६. गुणक ४. ७६ चोक ३०४, आणि पहिल्या स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे सुरुवातीच्या फेरीला, लागतात ३००. एका हातात काम फत्ते.

एल्डन रिंग आकडे दाखवतो, पण त्यांचा कल सांगत नाही. व्हिगर (जीव वाढवणारा गुण) ४० ला १,४५० एचपी (जीव), ६० ला १,९००, ९९ ला २,१००. म्हणजे ४० ते ६० या वीस पायऱ्यांत ४५० मिळतात आणि पुढच्या ३९ पायऱ्यांत मिळून जेमतेम २००. पायरी चढताना पुढची एक पायरी दिसते, चढ कुठे सपाट होतो ते दिसत नाही. ६० नंतर व्हिगरमध्ये रून्स (तिथलं चलन) ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण गेम खुशाल ओतू देतो.

सिल्कसाँग तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. शत्रूला एचपीची पट्टी नाही, कोणता वार किती लागला ते नाही, नकाशासुद्धा विकत घ्या.

तर सवाल असा: विकी (खेळाडूंनीच लिहिलेली गेमच्या माहितीची साइट) आधी वाचून खेळावं, की अंगावर घेऊन शिकावं? नुसतं 'ज्याची त्याची आवड' म्हणून सटकू नका. कोणत्या गेममध्ये काय आणि का, ते लिहा.

चकलीचा_सोऱ्या
पहिला! आता वाचतो.

उंटावरून_शेळ्या
ज्याची त्याची आवड. (ह. घ्या.)

इस्पिकची_राणी
बलाट्रोबद्दल अर्धंच सहमत. पत्ते निवडल्यावर डावीकडे हाताचं नाव आणि मुळातले चिप्स-गुणक दिसतात, पण जोकर (गुण वाढवणारी खास कार्डं) धरून एकूण किती होतील ते गेम आधी सांगत नाही. गंमत तिथेच आहे. शिवाय जोकर डावीकडून उजवीकडे लागतात, आणि नवखे नेमके इथे मार खातात.

तुमचाच ७६ चा फ्लश घ्या. दोन जोकर आहेत: ड्रोल जोकर (फ्लश असेल तर गुणक +१०) आणि द ट्राइब (फ्लश असेल तर गुणक दुप्पट).

ड्रोल डावीकडे, ट्राइब उजवीकडे: (४ + १०) × २ = २८. ७६ × २८ = २,१२८.
उलटं लावलं: ४ × २ + १० = १८. ७६ × १८ = १,३६८.

पत्ते तेच, जोकर तेच, साडेसातशे गुण हवेत. बेरजेचे डावीकडे, गुणाकाराचे उजवीकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच मजल जाते. ब्लूप्रिंट मिळाला तर तो आपल्या लगेच उजवीकडच्या जोकरची नक्कल करतो, त्यामुळे त्याची जागा दर वेळी हलवावी लागते.

कंजूष_मख्खीचूस
बलाट्रोत माझा धर्म एकच: २५ डॉलर. दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ च्या वर साठवून एक छदाम जास्त मिळत नाही आणि २५ च्या खाली राहिलात तर दर फेरीला नुकसान. पहिल्या दोन-तीन ॲन्टीत (एक ॲन्टी म्हणजे स्मॉल, बिग आणि बॉस अशा तीन फेऱ्या) २५ गाठा, मग वरचा पैसा उडवा. दुकान पालटायला पहिल्यांदा ५ डॉलर पडतात आणि त्याच दुकानात दर खेपेला एकेक वाढतो. २४ वर असताना पालटलंत तर १९ उरतात: व्याज ४ मिळायचं तिथे ३. पालटण्याची खरी किंमत ६ झाली.

मात्र नुसतं साठवत बसणारेही मरतात. व्हाइट स्टेकला (सगळ्यात सोप्या पातळीला) ॲन्टीचा पाया, म्हणजे लागणारे गुण, ३००, ८००, २,०००, ५,०००, ११,०००, २०,०००, ३५,०००, ५०,००० असा चढतो आणि बॉसला साधारण त्याची दुप्पट. चौथ्या ॲन्टीपर्यंत गुणाकाराचा एकही जोकर हाती नसेल तर पुढचा रस्ता बंद समजा.

तिर्री
बॉसची नावं आधी वाचून ठेवा, एवढी तरी विकी हवीच. द नीडलला एकच हात खेळता येतो. द आयला फेरीत एकच प्रकार दोनदा चालत नाही, म्हणजे नुसत्या फ्लशवर जगणाऱ्याची दांडी गुल. द हेडला बदामाचे पत्ते निकामी. बदामाच्या फ्लशवाल्यांनी जपून. :ड

इस्पिकची_राणी
@तिर्री, त्याला विकी कशाला? ॲन्टी सुरू होतानाच त्या ॲन्टीचा बॉस पडद्यावर दिसतो. स्मॉल आणि बिग अशी दोन दुकानं मध्ये मिळतात तयारीला. गेमने सांगितलंय, आपण वाचत नाही.

आजोबांची_काठी
जुगाराचा गेम आहे ना हा? पोरांना द्यावा का?

तिर्री
पैसे लावायचे नसतात, पोकरच्या हातांची फक्त नावं उसनी घेतलीत. युरोपात गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या पेगीने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला १८+ चा शिक्का मारला होता, अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये १२+ केला. गुणाकाराचे पाढे पक्के होतात हा वरचा फायदा. धोका असला तर झोपेला.

मार्गिटचा_सोटा
एल्डन रिंगवर येतो. धागाकर्त्याचं व्हिगरचं गणित बरोबर, पण नवखा खेळाडू व्हिगर ६० ला अडत नाही हो, तो मार्गिट या सुरुवातीच्या बॉसला अडतो. तिथे विकी वाचून काडीचा उपयोग नाही. मार्गिट सोटा वर उचलतो आणि थांबतो. आपण सोटा वर गेला की लोळतो, लोळण संपून उभे राहतो आणि तेव्हा तो हाणतो. उपाय: सोटा वर जाताना काही करू नका, खाली यायला लागला की लोळा, आणि मागे न लोळता त्याच्या अंगाखाली लोळा. मागे लोळलं की तो सुरा फेकतो आणि तुम्ही पाणी पीत असाल तर हमखास लागतो.

तरी जमत नसेल तर मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा टकल्या आहे. अर्धा मार खाऊन शरण आला की सोडून द्या. मग तो दुकान मांडतो आणि ५,००० रून्सला मार्गिटचा साखळदंड विकतो. लढाईत वापरला की मार्गिट काही क्षण जमिनीला खिळतो.

लोणचं_मुरलं
पॅचेसला मारून टाकणाऱ्यांसाठी एक मिनिट स्तब्धता.

मापात_पाप
एल्डन रिंगमध्ये तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात असं ठाम मत आहे. याने मजा कमी होत नाही, हेलपाटे वाचतात.

वजन. ३०% च्या आत हलकं, ७०% च्या आत मध्यम, वर गेलात की जड. जड झालं की लोळण म्हणजे धान्याचं पोतं कलंडल्यासारखी. जाड चिलखत घालून ७१% वर फिरण्यापेक्षा हातमोजे काढून ६९% वर या.

शस्त्राचे दगड. साधं शस्त्र +२५ पर्यंत जातं. प्रत्येक प्रतीच्या दगडाने तीन पायऱ्या, २, ४ आणि ६ दगड, म्हणजे १२. अशा आठ प्रती, एकूण ९६ दगड, आणि शेवटी एक एन्शंट ड्रॅगनचा. सोंबर जातीचं शस्त्र +१० पर्यंत, दर पायरीला एकच दगड. म्हणून पाच-सहा शस्त्रं चाखून बघायची असतील तर सोंबर परवडतात. साधं शस्त्र वाढवायचं तर राया लुकारिया क्रिस्टल टनेलच्या बॉसकडची बेल बेअरिंग आणा, राउंडटेबल होल्डमधल्या जुळ्या म्हाताऱ्यांना द्या. १ आणि २ नंबरचे दगड मग हवे तेवढे विकत मिळतात.

तिसरं डीएलसीचं, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागाचं. शॅडो ऑफ द अर्डट्री (जून २०२४) मध्ये जायला राडान आणि मोग हे दोघंही बॉस पडलेले लागतात. आत गेल्यावर तुमची लेव्हल १५० असो की २००, ताकद देणारे स्काडूट्रीचे तुकडे गोळा केले नाहीत तर पहिलाच बॉस फडशा पाडतो. तुकडे एकूण ५०, पायऱ्या २०, आणि त्यांचा असर त्याच मुलखापुरता. 'डीएलसी भयंकर अवघड आहे' म्हणणाऱ्याला आधी विचारा, स्काडूट्री किती? उत्तर बहुतेक 'ते काय असतं?' असं येतं.

मार्गिटचा_सोटा
@मापात_पाप, दगडांचं ठीक, बेल बेअरिंगही ठीक. पण तुकडे कुठे आहेत याची यादी उघडून नकाशावर खुणा मारत फिरणं म्हणजे किराणा भरणं झालं. त्या मुलखात 'तिकडे काय चमकतंय' म्हणून वळणं हाच तर गेम आहे.

मापात_पाप
यादी कोण उघडा म्हणतंय? तुकडे *गोळा करायचे असतात* एवढं माहीत हवं. बॉसपाशी दहादा हरलात तर अकराव्यांदा न जाता वेगळ्या रस्त्याने हिंडून या, इतकाच त्याचा अर्थ.

शिवण_टिपण
सिल्कसाँगवर कोणीच नाही? मग मी काडी टाकते. यातला पहिला जास्तीचा मास्क (जीवाचा एक ठिपका) ही शुद्ध फसवणूक आहे.

सुरुवातीला ५ मास्क असतात. बरेच बॉस एका फटक्याला २ काढतात. ५, ३, १, खलास: तिसऱ्या फटक्याला मेलात. चार तुकडे शोधून सहावा मास्क मिळवला. ६, ४, २, खलास: पुन्हा तिसऱ्याच फटक्याला. एवढी वणवण करून फटके तेवढेच. सातवा मिळेपर्यंत काही फरक नाही.

उंटावरून_शेळ्या
हा हिशोब वाचून पोटात गोळा आला.

रेशीमगाठ
@शिवण_टिपण, हिशोब बरोबर पण अपुरा. तुम्ही बाइंड (रेशीम खर्चून जीव भरणं) धरलंच नाही. बाइंडला ९ रेशीम लागतं आणि ३ मास्क भरतात. सुईचा एक वार लागला की १ रेशीम, म्हणजे नऊ वारांत एक बाइंड.

५ मास्क असताना दोन फटके खाल्ले, १ उरला, बाइंड केलं, ४ झाले. पुढे ४, २, खलास. एकूण चार फटके. एकाच फटक्यानंतर बाइंड केलं तर ३ चे ६ व्हायच्या ऐवजी ५ वर अडतात, एक मास्क वाया, तरी फटके चारच.

६ मास्क असताना दोन फटके खाल्ले, २ उरले, बाइंड, ५ झाले. पुढे ५, ३, १, खलास. एकूण पाच फटके.

म्हणजे सहावा मास्क बाइंडसोबत एक फटका जास्त देतो. फसवणूक नाही, फक्त एकट्याने काम करत नाही.

शिवण_टिपण
हात जोडले. हे कागदावर मांडल्याशिवाय कळणारं नव्हतं.

रातवेडा (धागाकर्ता)
@रेशीमगाठ, हाच तर माझा मुद्दा. हे गेम कुठेच सांगत नाही आणि शंभरदा मरूनही अंगाला कळत नाही. हे विकीचं काम झालं ना?

रेशीमगाठ
विकी कशाला? वरचं सगळं पडद्यावर दिसणाऱ्या मास्कांवरून मांडलंय. वही-पेन्सिल लागली, बस.

बाकी सिल्कसाँगचे खरे काच सांगते. हंटर क्रेस्टचा (सुरुवातीच्या लढण्याच्या शैलीचा) खालचा वार तिरका जातो. जुन्या हॉलो नाइटच्या सवयीने शत्रूच्या डोक्यावर जाऊन दाबाल तर बाजूला पडाल. थोडं अलीकडून उडी घ्यायची, म्हणजे तिरका वार नेमका लागतो. वाँडरर क्रेस्ट मिळाला की वार सरळ खाली होतो.

बाइंड करताना मार बसला तर रेशीमही जातं आणि मास्कही भरत नाहीत. जमिनीवर थांबून करण्यापेक्षा बॉसच्या डोक्यावरून उडी मारून हवेत करा.

मेल्यावर मणी (तिथले पैसे) मागे कोशात राहतात. तो कोश फोडला की रेशीम भरतं, म्हणून कोश बॉसच्या आखाड्यातच असेल तर आत शिरताच फोडू नका. दोन फटके खाऊन झाल्यावर फोडा, बाइंड तयार. आणि मणी जास्त झाले की काही ठिकाणच्या यंत्रात ओवून घ्या: ८० दिले की ६० ची माळ. वीस मणी यंत्राच्या घशात गेले तरी माळ मेल्यावर हातची जात नाही. अवघड बॉसकडे निघताना ही वीस मण्यांची विमापॉलिसी समजा.

कंजूष_मख्खीचूस
शेकडा पंचवीस! सावकारी बरी की.

टोकदार_पेन्सिल
गेम जास्तच कडक झालाय हे करणाऱ्यांनाही पटलं असावं. सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि त्याच महिन्यातल्या पहिल्या पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस जरा सौम्य झाले, सँडकार्व्हरचा मार कमी झाला, काही बाकांचा (विसाव्याच्या जागांचा) दर उतरला. बाकावर बसायला पैसे घेणं हा प्रकार मात्र राहिलाच. टोलनाक्याची आठवण येते.

पट्टा_तुंबला
तुम्ही सगळे एचपी मोजताय. आकड्यांचाच गेम हवा तर फॅक्टोरिओ (कारखाना उभारायचा गेम) घ्या. यात विकी आधी की नंतर हा वादच मिटतो, कारण २.० आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२४) फॅक्टोरिओपीडिया गेमच्या आतच आहे. ऑल्ट दाबून कोणत्याही वस्तूवर क्लिक करा, सगळी कुंडली समोर.

नवख्यांसाठी चार आकडे. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग वाहतो, दर कडेला साडेसात. दगडी भट्टी लोखंडाची एक पाटी ३.२ सेकंदांत काढते, म्हणून भरलेल्या पिवळ्या पट्ट्याला ४८ दगडी भट्ट्या. पोलादी भट्टी दुप्पट वेगवान, त्या २४. विजेवरची खाणयंत्रं ३०. हिरव्या सर्किटला तारेची ३ यंत्रं दर २ सर्किट यंत्रांमागे.

भुसावळ_यार्ड
@पट्टा_तुंबला, खरा घोळ वीज जाण्याचा, तो लिहा की. बॉयलरला कोळसा घालणारे इन्सर्टर (माल उचलून टाकणारे यांत्रिक हात) विजेचे. कोळसा खोदणारी यंत्रंही विजेची. वीज थोडी कमी पडली की दोन्ही मंदावतात, कोळसा कमी येतो, वीज आणखी कमी होते, आणि पाच मिनिटांत सगळा कारखाना काळोखात. भारनियमन नाही, थेट ब्लॅकआउट.

बॉयलरजवळचे इन्सर्टर बर्नर जातीचे लावा, ते हातातल्या कोळशातून स्वतःपुरता जाळतात आणि वीज गेली तरी चालतात. दुसरा घोळ पट्ट्याच्या एकाच कडेला कोळसा टाकण्याचा. एक बॉयलर १.८ मेगावॅटचा, कोळशाच्या नगात ४ मेगाज्यूल, म्हणजे सेकंदाला ०.४५ नग. एका कडेच्या साडेसात नगांत १६ बॉयलर निघतात. सतरावा अर्धपोटी, अठराव्यापासून पुढचे उपाशी. इन्सर्टर माल पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला टाकतो, त्यामुळे सगळी यंत्रं पट्ट्याच्या एकाच बाजूला बसवली की नकळत हेच होतं. खाणयंत्रं पट्ट्याच्या दोन्ही अंगांना लावली की दोन्ही कडा भरतात. (बॉयलरला इंजिनं दोन, हे बदललेलं नाही. पण पाण्याचा एक पंप आता २०० बॉयलर ओढतो. जुन्या लेखांतलं १-२०-४० (पंप-बॉयलर-इंजिन) वाचून पंपांची रांग लावत बसू नका.)

चकलीचा_सोऱ्या
आणि आगगाड्या? त्या चौकात एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात त्याचं काय?

भुसावळ_यार्ड
चौकाआधी चेन सिग्नल, चौक ओलांडल्यावर साधा सिग्नल. चेन सिग्नल पुढचा रस्ता मोकळा असल्याशिवाय गाडीला चौकात शिरू देत नाही. आणि बाहेर पडल्यावरचा पहिला टप्पा अख्खी गाडी मावेल इतका लांब हवा. नाहीतर शेपूट चौकात अडकतं आणि मग कल्याण जंक्शन सकाळी साडेआठ.

लोणचं_मुरलं
कल्याणला निदान अनाउन्समेंट होते.

पट्टा_तुंबला
स्पेस एज हा जोडभाग घेणाऱ्यांना एकच इशारा: ग्लेबा ग्रहावर माल नासतो. तिथे पट्टा भरून थांबवायचा नाही, तो सतत वाहता हवा आणि टोकाला उरलेलं जाळायची सोय हवी. बाकी ग्रहांवरची 'भरून ठेवू' ही सवय तिथे अंगलट येते. आणि सेलची वाट बघू नका, हा गेम सेलला लावायचाच नाही हे त्यांचं धोरण आहे.

अंगणातली_तुळस
एवढ्या मारामारीत स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचं नाव घेतलं तर चालेल का?

तिर्री
चालेल काय, बसा. चहा घ्या.

अंगणातली_तुळस
तिथेही लपलेलं गणित आहे. केग फळाची वाइन करतो, किंमत मूळ भावाच्या तिप्पट. प्रिझर्व्ह जार मुरांबा करते, किंमत दुप्पट अधिक ५०. दोन्ही बरोबर कुठे येतात? मूळ भाव ५० ला. ब्लूबेरीचा भाव ५०. वाइन १५०, मुरांबा १५०. पण वाइनला जवळजवळ आठवडा आणि मुरांब्याला साधारण तीन दिवस. म्हणून ब्लूबेरी जारमध्ये, महाग फळं केगमध्ये. सगळीकडे केगच केग लावणारे उगाच वाट बघत बसतात.

स्ट्रॉबेरीचं बी वसंतातल्या १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलला मिळतं, १०० ला एक. त्याच रात्री लावलं तर २१ आणि २५ अशा दोन तोडण्या येतात. दुसऱ्या दिवसावर ढकललं तरी २२ आणि २६, दोनच. पण १६ च्या पुढे गेलात तर एकच तोडणी, कारण महिना २८ दिवसांचा आणि २९ ला ग्रीष्म लागतो.

मिनी_रायफल
पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक कोणी खेळलंय का? २०२० चा आहे, जुना म्हणून वगळू नका. दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, मधले प्रसंग छायाबाहुल्यांसारखे, महालांची नक्षी बघत उभं राहावं अशी. खेळ म्हणून मात्र दोन खोट्या. कॅमेरा ठरलेल्या जागीच असतो, त्यामुळे उड्या मारताना पुढचा खांब किती लांब आहे याचा अदमास लागत नाही. कडेच्या सावलीकडे बघून उडी घ्यावी, खांबाकडे बघून नाही. आणि कथा ऐन रंगात येऊन संपते. पाच-सहा तासांचा गेम, हातात कोरा त्रिशूळ आणि पुढचा भाग बाकी.

टोकदार_पेन्सिल
+१. त्रिशूळाची चाल झकास, पण गर्दीत भिंतीवर पळत जाऊन मारायचे वार सोडून बाकीचे विसरलेच जातात. चित्रं पाहायला घ्या, लढाईला नको.

वायरवाला
अवांतर पण उपयोगाचं. 'मार्गिट जमत नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींचा दोष बोटांचा नसतो.

गेम ६० एफपीएसने (सेकंदाला ६० चित्रांनी) चालत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची. टीव्हीवर खेळत असाल तर 'गेम मोड' चालू करा, नाहीतर चित्र गुळगुळीत करण्याच्या भानगडीत टीव्ही स्वतःच बऱ्याच मिलिसेकंद खातो आणि लोळण उशिरा लागते.

लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम रडतखडत चालतो तेव्हा तो बहुतेक प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असतो. टास्क मॅनेजर उघडून गेम चालू असताना कोणता जीपीयू राबतोय ते बघा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, गेमची फाइल निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. चार्जर लावूनच खेळा. रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढ्याच रॅमच्या दोन पट्ट्या केल्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला चांगलाच फरक पडतो.

आणि एकदा दाबलं की दोनदा लागतंय, मेन्यूत दोन-दोन ओळी उड्या मारतंय, असं असेल तर कंट्रोलर बिघडलेला नाही. डीएस४विंडोज आणि स्टीम इनपुट हे कंट्रोलर जोडणारे दोन्ही प्रोग्राम चालू आहेत, गेमला दोन कंट्रोलर दिसतायत. एक बंद करा.

उंटावरून_शेळ्या
म्हणजे इतके दिवस हरण्याचं खापर फोडायला टीव्ही होता आणि कोणी सांगितलं नाही!

मापात_पाप
मूळ प्रश्नावर परत. हे सगळं वाचून वाटतं की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातायत. नियम लपवणं वेगळं आणि उत्तर लपवणं वेगळं. स्काडूट्रीचे तुकडे त्या मुलखात ताकद देतात हा नियम; तो माहीत नसला तर खेळाडू मूर्खासारखा डोकं आपटतो. तुकडा अमुक झाडाखाली आहे हे उत्तर. ते वाचलं तर उरलं काय? नियम वाचा, उत्तर वाचू नका.

मार्गिटचा_सोटा
हे मान्य. पण 'सोटा खाली आला की लोळा' हा नियम की उत्तर?

मापात_पाप
वाचून जमलं का कुणाला? मग दोन्ही नाही. तो रियाज.

इस्पिकची_राणी
बलाट्रोत तुमची वाटणी जमत नाही. जोकर डावीकडून लागतात हा नियम, पण तो स्वतः पकडण्यातच पहिल्या आठवड्याचा सगळा आनंद आहे. १,३६८ चे २,१२८ होताना पहिल्यांदा दिसतं तो क्षण विकीने खाल्ला असता. वरती मीच तो तुमच्यापैकी काहींचा खाल्ला, क्षमस्व.

पट्टा_तुंबला
फॅक्टोरिओत उलटं. ४८ भट्ट्या हा आकडा कोणीही भागाकार करून काढेल. मजा त्या ४८ बसवायच्या कुठे यात.

शिवण_टिपण
सिल्कसाँगमध्ये माझं मत बदललं. सहाव्या मास्कचं ऐकून पुन्हा खेळावंसं वाटतंय. पण एक अडचण: नवीन भागात शिरलं की नकाशा नसतो आणि नकाशेवाली शाक्रा कुठे बसलीय ते सापडत नाही. तेवढं विकीवर बघितलं तर पाप लागेल का?

रेशीमगाठ
नका बघू. पार्श्वसंगीताचा आवाज थोडा कमी करा आणि कानाला हेडफोन लावा. शाक्रा गात असते. आवाज ज्या बाजूने मोठा होतो तिकडे जा. क्विल (नकाशा काढायचं पीस) घेतलेली नसेल तर आधी तिच्याकडूनच ती घ्या, नाहीतर तुम्ही नवीन पाहिलेलं नकाशावर चढणार नाही. आणि चढतं ते बाकावर बसल्यावर, तोवर जुनाच नकाशा दिसेल.

शिवण_टिपण
ते गाणं मी पार्श्वसंगीत समजत होते!

लोणचं_मुरलं
वाचनखूण साठवली. आणि पॅचेसला आज सोडून देतो.